किला गेटपासून समुद्र किती दूर?



स्मृतिव्याख्यानासाठी बोलावलेल्या इतिहासाच्या अभ्यासकाने या गावी किल्ल्यावर बोलावे, महादजींवर बोलावे, किंवा येथून चार पावलांवर चिरविश्रांती घेणाऱ्या महंमद गौस आणि तानसेन यांच्यावर बोलावे, ही अपेक्षा रास्त आहे. मी मात्र समुद्राचा विषय निवडला आहे. किला गेटच्या चौकात उभे राहून वर पाहिले की मानमंदिराची निळी नक्षी दिसते. खाली पाहिले तर धूळ. मुंबईचा किनारा रेल्वेने बाराशे किलोमीटरांहून अधिक दूर. आपल्या वाट्याला आलेले पाणी म्हणजे किल्ल्यावरची कुंडे, लष्करातील बैजाताल, आणि फार तर शिवपुरीच्या सख्यासागरातील बोट क्लब. अशा ठिकाणी महासागर शिडाने ओलांडणाऱ्या नौकांविषयी बोलण्याचे धाडस मी का करतो आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे.

कारण असे की, आधुनिक काळातील भारतीय सागरी इतिहासाचे पहिले पान ग्वाल्हेरच्या पैशाने लिहिले गेले आहे. महाराज माधवराव शिंदे यांना जहाजांची हौस होती आणि त्या हौसेला कर्तव्याची जोड होती. १९०० साली चीनमध्ये बॉक्सरांचे बंड झाले तेव्हा त्यांनी स्वखर्चाने 'ग्वालियर' नावाचे इस्पितळी जहाज सज्ज करून दिले आणि स्वतःही चीनच्या मोहिमेत गेले. पुढे १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांनी कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे 'एम्प्रेस ऑफ इंडिया' हे जहाज विकत घेतले. १८९० साली इंग्लंडमधील बॅरो येथे पाण्यात सोडलेले हे जहाज चोवीस वर्षे पॅसिफिक महासागराच्या वाऱ्या करून थकले होते. त्याचे नाव बदलून 'लॉयल्टी' ठेवण्यात आले आणि जखमी सैनिकांसाठी ते इस्पितळ म्हणून चालले. युद्ध संपले तेव्हा जहाज विक्रीस निघाले.

ही वार्ता एका रेल्वेप्रवासात सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या कानावर आली आणि त्यांनी ती सोडली नाही. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लुभाई सामळदास या मंडळींसह त्यांनी जहाज घेतले, कंपनी काढली आणि जहाज ज्यांचे होते त्यांचे नाव तिला दिले: सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनकडे निघाले. १९६४ पासून तोच दिवस आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. आपल्या शिंद्यांचे नाव असे समुद्रावर गेले, याचा अभिमान या गावाला असणे योग्यच आहे.

परंतु अभिमानाच्या पुढे जाऊन एक प्रश्न विचारावा लागतो. त्या जहाजावर मालक हिंदी होते, पैसा हिंदी होता, कोळसा ओतणारे आणि दोर ओढणारे खलाशी हिंदी होते. पण नकाशावर रेघ मारणारा, सूर्याची उंची मोजून जहाज कोठे आहे ते सांगणारा माणूस? हिंदी तरुणांना व्यापारी जहाजावर अधिकारी होण्याचे पद्धतशीर शिक्षण मिळण्याची सोयच मुंबईत 'डफरिन' हे शिक्षणजहाज उघडेपर्यंत, म्हणजे १९२७ पर्यंत नव्हती. आणि 'लॉयल्टी'चे पुढे काय झाले? ब्रिटिश इंडिया कंपनीने दर पाडून नव्या कंपनीचा श्वास कोंडला; १९२३ च्या कराराने सिंदिया कंपनीला मुख्यतः किनाऱ्याच्या वाहतुकीवर समाधान मानावे लागले; आणि त्याच वर्षी 'लॉयल्टी' मोडीत निघाले. जहाज असणे वेगळे आणि समुद्र येणे वेगळे, हा भेद मला आज आपल्यापुढे ठेवायचा आहे, आणि त्यासाठी वाफेची जहाजे सोडून शिडाच्या छोट्या नौकांकडे वळायचे आहे. वाफेच्या जहाजावर मालकाला आपले अज्ञान झाकता येते. छप्पन्न फुटांच्या शिडाच्या नौकेवर ते शक्य नसते.

आपण समुद्राला भिणारे लोक होतो असे एक सर्रास विधान केले जाते. समुद्रयान कलिवर्ज्य मानले गेले हे खरेच; पण ती बंदी ज्यांनी लिहिली आणि ज्यांनी पाळली, ते मुळात होडीत बसणारे नव्हते. कोळी, भंडारी, खारवी, दालदी या समाजांनी ती कधी मनावर घेतल्याचे दिसत नाही. मचवे, पडाव, गलबते, फतेमाऱ्या यांवर कोकणचे तांडेल आणि खलाशी पिढ्यान् पिढ्या वावरले. पहाटेचा मतलई वारा घेऊन बाहेर पडावे, दुपारचा खारा वारा घेऊन परतावे, ज्येष्ठात नौका ओढून शाकारून ठेवाव्या आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात लोटाव्या, हे त्यांचे पंचांग. यातून जे शहाणपण आले ते किनाऱ्याचे होते. महासागराचे शहाणपण निराळे. तेथे परतण्याचा वारा त्याच संध्याकाळी मिळत नाही. तो मिळवण्यासाठी कधी कधी अर्ध्या महासागराचा वळसा घ्यावा लागतो.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते भूगोल शिकवीत. फळ्यावर एक मोठे वर्तुळ काढून त्यात खडूचे तिरपे बाण ते झरझर ओढीत: हे व्यापारी वारे, हे पश्चिमी वारे, हे गर्जणारे चाळीस. आम्ही ते परीक्षेपुरते पाठ केले. त्या बाणांवरून माणसे आजही ये-जा करतात हे मला पुष्कळ उशिरा समजले. म्हणून एका वाटेचे वर्णन थोडे सविस्तर करतो.

दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनहून ब्राझीलमधील रिओ-द-जानेरोपर्यंत शिडाच्या नौकांची एक शर्यत भरते. पहिली १९७१ साली झाली. अंतर सुमारे ३६०० सागरी मैल. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारावी आणि त्या रेघेने जावे, असे नवख्याला वाटते. तसे करणारा फसतो. दक्षिण अटलांटिकच्या मध्यावर हवेच्या जास्त दाबाचा एक विस्तीर्ण प्रदेश असतो. तेथे वारा पडलेला असतो आणि शिडे दिवसेंदिवस लोंबकळत राहतात. दक्षिण गोलार्धात या प्रदेशाभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. म्हणून टेबल बेमधून निघालेली नौका आधी वायव्येकडे जाते, थंड बेंग्वेला प्रवाहाचा पाठिंबा घेते, आग्नेय व्यापारी वारे पाठीवर आले की पुढचे फुग्यासारखे मोठे शीड, ज्याला स्पिनेकर म्हणतात, ते उभारते आणि मग पश्चिमेची वाट धरते. जास्त दाबाचा तो प्रदेशही स्थिर नसतो. तो सरकतो, फुगतो, आकसतो. कोण किती उत्तरेला चढून वळला यावरच बहुधा शर्यतीचा निकाल लागतो. ब्राझील जवळ आले की काबो फ्रिओच्या भूशिरापाशी वारा दिशा बदलतो आणि दक्षिणेकडून थंड हवेचे पट्टे चालून येतात. हजारो मैल काढलेली नौका शेवटच्या शंभर मैलांत ताटकळते.

हीच वाऱ्याची चक्की पोर्तुगीजांना सापडली होती, आणि त्यांच्या यशाचे एक मोठे रहस्य तीत आहे. १४९७ मध्ये वास्को द गामा आफ्रिकेच्या किनाऱ्याला चिकटून न राहता दक्षिण अटलांटिकमध्ये खोल शिरला आणि वळसा घालून केपकडे आला. १५०० मध्ये काब्राल त्याच वळशात इतका पश्चिमेला गेला की हिंदुस्थानला निघालेला माणूस वाटेत ब्राझीलला लागला. गोव्याच्या साडेचारशे वर्षांच्या पारतंत्र्याचे मूळ अशा रीतीने गुरुजींच्या खडूच्या बाणांत होते. वाऱ्याचे ज्ञान ज्याच्यापाशी, समुद्र त्याचा. बंदरे मग आपोआप त्याची होतात.

यात शर्यत आणि रॅली असा एक भेद केला जातो, तोही सांगून ठेवतो. शर्यतीत पहिला येणे महत्त्वाचे. रॅलीत सगळे सुखरूप पलीकडे पोहोचणे महत्त्वाचे. १९८६ साली जिमी कॉर्नेल यांनी कॅनरी बेटांतील लास पाल्मासहून कॅरिबियन बेटांकडे जाणारी अटलांटिक रॅली सुरू केली. पहिल्याच वर्षी दोनशेहून अधिक नौका निघाल्या. त्यांवर निवृत्त डॉक्टर होते, शिक्षक होते, मुलांबाळांसह निघालेली कुटुंबे होती. एकत्र निघायचे, ठरलेल्या वेळी रेडिओवर आपली जागा सांगायची, कोणाची डोलकाठी मोडली तर जवळच्याने वळायचे. आपल्याकडच्या वारीतील दिंडीची ही जलचर बहीणच म्हणायची. या रॅलीचा उल्लेख मी सहज केलेला नाही. पुढे त्याकडे पुन्हा यावे लागेल.

आता मुंबईकडे वळू. १९६३-६४ मध्ये कुलाब्याच्या वर्कशॉपमध्ये एक बत्तीस फुटी सागवानी नौका बांधली जात होती. बांधणारे सुतार आपले. हत्यारे म्हणजे तासणी आणि दोरीच्या कमानीने फिरवायचा सामता, हीच. बांधवून घेणारा एक तरुण इंग्रज, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. तो नोकरीला होता ब्रिटिश इंडिया कंपनीत. होय, जिने 'लॉयल्टी'वाल्यांचा श्वास कोंडला तीच कंपनी. नारळ फोडून डिसेंबर १९६४ मध्ये नौका पाण्यात सोडली. नाव 'सुहैली', अरबी खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला देतात ते. पुढच्या वर्षाअखेर ती मुंबईहून निघाली आणि आफ्रिकेला वळसा घालून १९६७ मध्ये इंग्लंडला पोहोचली. १९६८ च्या जूनमध्ये याच नौकेत बसून नॉक्स-जॉन्स्टन एकटे पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, एकटेच परत आले. कोठेही न थांबता एकट्याने शिडाने पृथ्वीला प्रदक्षिणा घालणारा हा पहिला माणूस, आणि त्याच्या पायाखालची फळी मुंबईच्या सुतारांनी रंधलेली.

मला या प्रसंगाची राहून राहून गंमत वाटते आणि थोडी चुटपुटही. 'लॉयल्टी'वर आपला पैसा होता आणि विद्या परक्यांची होती. 'सुहैली'त आपली कारागिरी होती आणि प्रवास परक्याचा होता. वाडियांच्या गोदीत बांधलेली 'ट्रिंकोमाली' १८१७ पासून आजतागायत तरंगते आहे, पण इंग्लंडमधील हार्टलपूलला. म्हणजे हात होते, लाकूड होते, समुद्र दाराशी होता. त्या सुतारांपैकी किंवा त्यांच्या मुलांपैकी कोणाला 'तू जातोस का?' असे विचारणारा मात्र कोणी नव्हता.

विचारणारा निघाला तो सातारा जिल्ह्यातून. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी १९८३ मध्ये नौदलातून निवृत्त झाले आणि फलटणजवळ विंचुर्णीला जाऊन राहिले. समुद्रापासून लांब, माळरानावर. त्यानंतर शिडाने पृथ्वीप्रदक्षिणा भारतीयांनी एकदा केली. सैन्याच्या अभियंता दलाची 'तृष्णा' ही सदतीस फुटी नौका २८ सप्टेंबर १९८५ रोजी मुंबईहून निघून १० जानेवारी १९८७ रोजी परतली होती. पराक्रम मोठा होता, पण नौका परदेशात बांधलेली आणि तुकडी आळीपाळीने बदलणारी. पुढे गोवा शिपयार्डमध्ये बांधलेले 'तरंगिणी' हे तीन डोलकाठ्यांचे शिक्षणजहाज १९९७ मध्ये नौदलात आले आणि २००३-०४ मध्ये तेही पृथ्वीला फेरी घालून आले. आवटींचे म्हणणे याहून कडक होते. माणूस भारतीय, एकटा. नौका भारतात बांधलेली. इंजिनाचा आधार नाही. हा हट्ट त्यांनी वीसेक वर्षे सोडला नाही. २००६ मध्ये नौदलाने ते मान्य केले आणि कमांडर दिलीप दोंदे यांनी स्वतःहून नाव दिले.

दोंदे पाणबुड्यांच्या शाखेतले अधिकारी. एकट्याने महासागर ओलांडण्याचा अनुभव त्यांच्या गाठी नव्हता. देशात कोणाच्याच नव्हता. शिकण्यासाठी ते गेले कोणाकडे, तर नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे. मुंबईच्या सुतारांनी चाळीस वर्षांपूर्वी दिलेले कर्ज असे परत आले.

नौका बांधली रत्नाकर दांडेकर यांनी, गोव्यात दिवाडी बेटावर. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की हे बेट लागते. काब्राल आणि गामा यांच्या वारसदारांचे चर्चचे घुमट पलीकडच्या तीरावर दिसत असतात. दांडेकरांचा कारखाना लहान. फायबरग्लासच्या होड्या ते करीत, पण महासागरात जाणारी शिडाची नौका त्यांनी कधी बांधली नव्हती. आराखडा हॉलंडच्या व्हॅन द स्टाट यांचा. देवदाराच्या जातीच्या लाकडाच्या पट्ट्या जोडून कवच करायचे आणि त्यावर आतून-बाहेरून फायबरग्लासचे थर द्यायचे, अशी पद्धत. दोंदे महिनोन् महिने गोव्यातच राहिले आणि नौका डोळ्यांदेखत उभी राहताना पाहत गेले. त्यामागे व्यवहार होता. दक्षिण महासागरात सुकाणूची तार तुटली तर ती कोणत्या फळीमागून गेली आहे हे ज्याला ठाऊक, तोच ती जोडू शकतो. तेथे मिस्त्री बोलावता येत नाही. १२ फेब्रुवारी २००९ रोजी नौका नौदलात दाखल झाली. नाव 'म्हादेई', मांडवीचे वरच्या अंगाचे, गावाकडचे नाव.

१९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ले आणि केपटाऊन या चार बंदरांत थांबत, मे २०१० मध्ये परतले. एकट्याने ही प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांचे साहाय्यक म्हणून किनाऱ्यावरची व्यवस्था पाहणारे अभिलाष टॉमी यांनी मग आवटींचा हट्ट पूर्ण केला: १ नोव्हेंबर २०१२ ला मुंबईहून निघून कोठेही न थांबता ३१ मार्च २०१३ ला मुंबईत. नौका तीच, 'म्हादेई'. मधल्या काळात, २०११ च्या जानेवारीत, ती केप-रिओ शर्यतीतही उतरली होती. दक्षिण आफ्रिकेशी आपले राजनैतिक संबंध १९९३ मध्ये पुन्हा जुळले, हे येथे लक्षात ठेवावे. त्यापूर्वी कोणी भारतीय तुकडी केपटाऊनहून शर्यतीला निघणे कल्पनेबाहेरचे होते.

या प्रवासांचे वर्णन करताना 'निसर्गाशी झुंज' हा शब्द वर्तमानपत्रे हमखास वापरतात. मला तो आवडत नाही. झुंज दिवसाकाठी फार थोडा वेळ असते. बाकीचा वेळ कंटाळवाण्या, नेटक्या कामाचा: दोर कोठे घासला जातो ते पाहणे, शिडाची उसवण वेळीच शिवणे, पंपात केर अडकला आहे का ते तपासणे, भात शिजवणे, जागा टिपून ठेवणे. तुकडी असेल तर तीन-चार तासांच्या पाळ्या. एकटा असेल तर झोपही तुकड्यातुकड्यांनी, कारण जहाजांच्या वाटेवर वीस मिनिटांत क्षितिजापलीकडचे जहाज अंगावर येऊ शकते. ज्याला रोजचे काम रोज करण्याची सवय नाही त्याला धैर्य असून उपयोग नाही. आमच्या आजीचे घरकाम मला येथे आठवते, आणि ही उपमा मी विचारपूर्वक देतो.

धोका नाही असे मात्र कोणी समजू नये. २०१४ ची केप-रिओ शर्यत सुरू होताच नौका भयंकर वादळात सापडल्या आणि अंगोलाच्या एका नौकेवरील खलाशी मृत्यू पावला. २०१८ मध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांच्या प्रवासाला पन्नास वर्षे झाली म्हणून 'गोल्डन ग्लोब' शर्यत पुन्हा भरवली गेली. अट अशी की १९६८ मध्ये उपलब्ध होती तेवढीच साधने वापरायची: कागदी नकाशे, सेक्स्टंट, उपग्रहाचे मार्गदर्शन नाही. त्यासाठी दांडेकरांनी दिवाडीला 'सुहैली'ची प्रतिकृती बांधली, 'तुरिया'. म्हणजे कुलाब्याच्या नौकेची मुलगी गोव्यात जन्मली. टॉमी तीत बसून गेले. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियाच्या पर्थपासून सुमारे १९०० सागरी मैलांवर, वादळाने 'तुरिया' उलटीपालटी केली. डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला गंभीर इजा झाली, ते बिछान्यावरून उठू शकेनात. तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांना उचलले. त्यानंतर सहाच आठवड्यांत, नोव्हेंबरच्या आरंभी, आवटी वारले.

टॉमींच्या पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया झाली; ते पुन्हा चालायला शिकले आणि नौदलातून निवृत्त झाले. २०२२ च्या त्याच शर्यतीत ते पुन्हा उतरले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी, २३६ दिवसांनी, दुसरे आले. पहिल्या आल्या दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉइशेफर, एक स्त्री. टॉमींच्या नौकेचे नाव होते 'बयानात'. हे तेव्हा अबूधाबीतील एका कंपनीचे नाव होते. खर्च त्या कंपनीने उचलला होता.

माझा मुद्दा येथेच आहे. १९१९ मध्ये आपल्यापाशी जहाज होते, ते चालवणारा अधिकारी नव्हता. आज चालवणारे आहेत, बांधणारेही आहेत, आणि जगातील उत्तमांच्या बरोबरीने आहेत. पण नौदलाने किंवा सैन्याने नौका दिली तर महासागर, नाही तर नाही. आणि गणवेष उतरवलेल्या माणसाला शीड परदेशी मिळते. ज्या अटलांटिक रॅलीचा मी उल्लेख केला, तीत निवृत्त शिक्षक स्वतःच्या लहानशा नौकेत बसून जातात. आपल्याकडे सुखवस्तू माणूस मोटार घेतो, दुसरे घर घेतो, परदेशी सहलीला जातो. होडी घेत नाही. पैशाची अडचण आहे असे कोणी म्हणेल. मला वाटते अडचण त्या जुन्या विभागणीची आहे: ज्यांच्या हातात दोर होता त्यांच्या हातात पोथी नव्हती, आणि ज्यांनी पोथी वाचली त्यांनी दोराला हात लावणे कमीपणाचे मानले. दिवाडीच्या कारखान्यात सुतार, फायबर ओतणारा आणि नौदलाचा कमांडर एकाच फळीवर वाकून उभे राहिले, तेव्हा काय झाले ते आपण पाहिले.

माजी विद्यार्थ्यांपैकी काहींना वाटत असेल की महाराजांच्या जहाजाचा मी मान राखला नाही. तसे नाही. माधवरावांनी जे केले ते त्या काळच्या संस्थानिकाला शक्य असलेल्यांपैकी फार चांगले होते. 'लॉयल्टी' नसते तर सिंदिया कंपनी नसती. आणि त्या कंपनीने १९४१ मध्ये विशाखापट्टणला गोदी सुरू केली नसती तर १९४८ च्या मार्चमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते 'जलउषा' पाण्यात उतरली नसती. मी फक्त इतकेच म्हणतो की 'लॉयल्टी'च्या मालकांची नावे आपल्याला पाठ आहेत आणि तिच्यावरच्या एकाही खलाशाचे नाव येथे कोणाला सांगता येणार नाही. 'सुहैली'च्या सुतारांचेही तसेच.

शेवटी एका नौकेची हकीकत सांगून थांबतो. 'म्हादेई'ची धाकटी बहीण 'तारिणी', तीही दांडेकरांनी दिवाडीला बांधलेली, फेब्रुवारी २०१७ मध्ये नौदलात आली. ओडिशातील तारा-तारिणी देवीचे हे नाव. वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली प्रतिभा जामवाल, स्वाती, ऐश्वर्या, विजयादेवी आणि पायल गुप्ता या सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात तीतून पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती पुन्हा गोव्याहून निघाली, या वेळी केप-रिओ शर्यतीसाठी. तुकडी सहा जणांची. त्यांत दोन महिला, दिलना आणि रूपा. २ जानेवारी २०२३ रोजी केपटाऊनहून शर्यत सुटली. गुरुजींच्या बाणांवरून ती रिओला गेली आणि मे महिन्यात गोव्याला परतली. सर्व मिळून १८८ दिवस आणि सुमारे १७००० सागरी मैल. या लांबच्या वाटेवर दिलना आणि रूपा इतक्या तयार झाल्या की २ ऑक्टोबर २०२४ रोजी 'तारिणी' दोघींच्याच हाती सोपवली गेली. तुकडी नाही, इंजिनाचा आधार नाही, चार बंदरांतले थांबे तेवढे. २९ मे २०२५ रोजी दोघी मुरगाव बंदरात उतरल्या. नौकेचे वय तेव्हा आठ वर्षांचे होते आणि तिची ती पृथ्वीभोवतीची दुसरी फेरी होती. तिचा बांधणारा कारखाना तेथून एका नदीच्या अंतरावर आहे.